बडोद्याच्या चळवळींचा वारसा: राजवाड्याबाहेरचे शहर मुलांना कसे दाखवावे?

वाडीतील वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मराठी वाचनालयातर्फे दिवाळीच्या सुट्टीत आठवी ते बारावीच्या मुलांसाठी दरवर्षी एका रविवारी शहरफेरी काढली जाते. मार्ग ठरलेला असतो: लक्ष्मीविलास राजवाडा, कीर्तिमंदिर, न्यायमंदिर, संग्रहालय. सयाजीराव महाराजांविषयी मला मनापासून आदर आहे आणि 1906 साली संपूर्ण राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू झाले हे सांगताना दरवर्षी माझा आवाज थोडा चढतोच. मात्र गेल्या वर्षी कीर्तिमंदिराच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, शाळा महाराजांनी काढल्या, ग्रंथालये महाराजांनी काढली, बालविवाह महाराजांनी बंद केले. मग लोकांनी काय केले?" मला तिला धड उत्तर देता आले नाही.

या शहरात बंडखोर राजकारणाची आणि रस्त्यावरच्या चळवळींची मोठी परंपरा आहे, असे मी घरी ऐकत आले आहे. आजोबा अरविंद बाबूंच्या गुप्त मंडळांविषयी सांगत, वडील आणीबाणीतल्या सुरुंग खटल्याविषयी बोलत. परंतु या सगळ्याला एक सलग परंपरा म्हणता येईल का, की एका उदार राजाच्या सावलीत वेगवेगळ्या वेळी घडलेल्या या सुट्या गोष्टी आहेत? आणि मुलांना पायी नेऊन दाखवता येतील अशा जागा कोणत्या? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दांडियाबाजारकर

ताई, फेरीची सुरुवात दांडिया बाजारातून करावी असे मी सुचवतो, कारण तेथे दोन जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

पहिली म्हणजे अरविंद निवास. अरविंद घोष 1893 साली बडोदा राज्याच्या नोकरीत आले आणि 1906 पर्यंत येथे राहिले. आधी सरकारी खात्यांत आणि पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी व फ्रेंच शिकवणे, अखेरीस उपप्राचार्यपद, असा त्यांचा उघड प्रवास होता. दुसरा प्रवास त्याच काळात चालू होता. केंब्रिजपासूनचे त्यांचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा मुंबईच्या 'इंदुप्रकाश'चा इंग्रजी भाग पाहत असत. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी तेथे काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर इतकी जळजळीत लेखमाला लिहिली की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केले आणि लेखणी आवरती घ्यावी लागली. म्हणजे 'जहाल' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तो विचार बडोद्यात बसून लिहिला गेला होता, आणि तो छापण्याची हिंमत करणारा माणूस मराठी होता. खासेराव जाधव आणि त्यांचे बंधू माधवराव हेही याच वर्तुळातले. बंगाली तरुणांना इंग्रजांच्या पलटणीत घेत नसत, अशा काळात जतींद्रनाथ बॅनर्जी यांना बडोद्याच्या फौजेत लष्करी शिक्षण मिळाले, आणि तेच पुढे बंगालमध्ये गुप्त मंडळांची बांधणी करायला गेले.

दुसरी जागा म्हणजे जुम्मादादा व्यायाममंदिर. मुलांना तेथे केवळ बाहेरून दाखवू नका, आत न्या. माझे बालपण तेथल्या लाल मातीत गेले आहे. तेल आणि ताक घालून कुदळीने खणलेल्या त्या मातीचा वास आजही नाकात आहे, आणि मल्लखांबावर चढण्याआधी तळहाताला एरंडेल लावताना वस्ताद काय म्हणत तेही आठवते. एका मुसलमान उस्तादाचे नाव त्याचे हिंदू शिष्य प्रा. माणिकराव यांनी आयुष्यभर मिरवले, हीच एक मोठी गोष्ट आहे. त्यातही या आखाड्यांमध्ये शरीराबरोबर मनही तयार होत असे. छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी या बंधूंनी आखाड्यांची चळवळ येथूनच गुजरातभर नेली. इंग्रजांच्या अहवालांत बडोद्याचे आखाडे आणि छापखाने यांच्याविषयी सतत संशय दिसतो, तो उगाच नव्हता. बॉम्ब तयार करण्याची माहिती देणारे पुस्तक 'वनस्पतींची औषधे' अशा अर्थाच्या गुजराती नावाखाली याच राज्यात छापले गेले होते.

गंगनाथ विद्यालयाचाही उल्लेख करावा. केशवरावांनी काढलेल्या या राष्ट्रीय शाळेत शिक्षकांना नात्याच्या नावाने हाक मारण्याची पद्धत होती. दत्तात्रेय कालेलकर 'काका' झाले ते तेथेच, आणि विठ्ठल फडके 'मामा' झाले तेही तेथेच. इंग्रजांच्या दडपणामुळे 1911 साली शाळा बंद पडली. त्याच वर्षी दिल्ली दरबारात महाराजांनी पंचम जॉर्जला एकदाच मान लवून पाठ फिरवली आणि गहजब झाला. त्यामुळे मी तरी याला सलग परंपरा मानतो, आणि तिच्या मुळाशी महाराजांनी दिलेले संरक्षण होते असेही मानतो.

रावपुऱ्याहून

दांडियाबाजारच्या काकांनी लिहिलेले सर्व वाचले. माहिती मोलाची आहे, मात्र तिचा शेवट मला पटला नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा महाराजांपाशीच येऊन थांबते.

माझी सूचना अशी की फेरी कमाटी बागेतून, म्हणजे सयाजीबागेतल्या आंबेडकरांच्या संकल्पभूमीपासून सुरू करावी. 1913 साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार नोकरी करण्यासाठी 1917 च्या सप्टेंबरमध्ये बडोद्यात आले. संस्थानाच्या महालेखापालांच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली, परंतु राहायला घर मिळेना. शेवटी ते दीड रुपया रोजाने एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. त्यांनी स्वतः लिहिले आहे की वरच्या मजल्यावरच्या त्या मोठ्या दालनात अडगळ भरलेली होती, विजेचा दिवा नव्हता, आणि रात्री रखवालदार एक छोटा कंदील आणून देत असे. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघाले असताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे त्यांनी बजावले. भीमरावांनी एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे आसरा मागितला आणि दोघांनीही सबब सांगितली. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत काढला.

हा प्रसंग मुलांना सांगताना कृपया एक गोष्ट गाळू नका. तेव्हा या राज्यात अस्पृश्यांसाठी सरकारी शाळा सुरू होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळत नसत म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागत. हुकूम होता, पगार होता, शाळा होती, परदेशी पदवीची शिष्यवृत्तीसुद्धा होती, आणि तरीही गावात एक खोली नव्हती. माझ्या मते बडोद्यातील चळवळीची खरी सुरुवात याच अंतरात आहे. राजाचा हुकूम जेथे घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो, तेथून पुढचे काम लोकांनाच करावे लागते. गंगनाथचे मामा फडके पुढे गोध्र्याला जाऊन अंत्यज आश्रम चालवू लागले ते याच कारणासाठी, असे मला वाटते. काकांनी त्यांचे नाव घेतले, पण त्यांची पुढची वाट सांगितली नाही.

त्याआधीचा एक दुवाही आहे. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधील भाग तरुण सयाजीरावांना बडोद्यात वाचून दाखवला होता आणि ग्रंथाच्या उपोद्घातात त्याची कृतज्ञ नोंद केली. महाराजांना महाराज करणाऱ्या गोष्टींत असे ऐकवणारे लोकही होते. मुलांना हे उलट्या बाजूनेही कळू द्यावे.

इतिहासाचा शिक्षक

दोन्ही उत्तरांत एक काळ सुटला आहे, आणि तो आपल्या मराठी समाजाने सहसा सोडलेलाच असतो.

बडोदा राज्य प्रजामंडळ 1916 साली स्थापन झाले. त्याची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, 1908 पासून होती, पण तिच्या हाती खरी सत्ता नव्हती. डॉ. सुमंत मेहता हे राजघराण्याच्या सेवेतले वैद्य, आणि अब्बास तय्यबजी हे राज्याचे माजी मुख्य न्यायाधीश. अशी माणसे दरबार सोडून लोकांच्या बाजूला आली. तय्यबजींनी तर 1930 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाचे नेतृत्व स्वीकारून तुरुंग पत्करला.

यात आपण मराठी लोक कोठे होतो? फौज, कचेऱ्या आणि मोठ्या नोकऱ्या यांत आपले प्रमाण मोठे होते, आणि प्रजामंडळाचे राज्य आले तर आपले काय होईल ही भीती खरी होती. 1939 च्या जानेवारीत सरदार पटेल बडोद्यात आले तेव्हा मराठी भाषकांच्या एका गटाने त्यांच्या मिरवणुकीला विरोध केला आणि गावात मराठी-गुजराती दंगल उसळली. पुढच्याच महिन्यात सयाजीराव महाराज वारले. हा भाग मुलांपासून लपवू नये असे माझे ठाम मत आहे. लोकशाहीच्या मागणीपुढे एक समाज आपल्या पोटापाण्याच्या भीतीने कसा वागतो, हे त्यांना स्वतःच्या आजी-आजोबांच्या गल्लीतून शिकता येईल. तीनच वर्षांनी, 1942 च्या ऑगस्टमध्ये, बडोद्याहून गेलेल्या विद्यार्थ्यांवर आणंदजवळच्या अडास स्थानकात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कोवळी मुले मेली. ती तुमच्या बारावीच्या मुलांहून फार मोठी नव्हती.

दांडियाबाजारकर

शिक्षक महोदयांचे 1939 विषयीचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या घरात त्या दिवसांविषयी कोणी बोलत नसे. माझ्या आजीने एकदा एवढेच सांगितले होते की तीन दिवस पोळीचे पीठ आणायलासुद्धा कोणी बाहेर पडले नाही.

मकरपुऱ्याचा फिटर

मी निवृत्त कामगार आहे. लिहिण्याची सवय नाही, तरी या चर्चेत आमचे नाव अजून आले नाही म्हणून लिहितो.

बडोदे स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचे गाव झाले. कोयलीची तेलशुद्धी, खताचा कारखाना, पेट्रोरसायने, औषधे, पंप आणि मोटारी तयार करणारे कारखाने, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या मकरपुऱ्याच्या शेकडो लहान शेड. खानदेशातून आमच्यासारखी किती कुटुंबे येथे आली त्याची गणतीच नाही. मी 1974 मध्ये शिकाऊ म्हणून लागलो. त्याच वर्षी नवनिर्माण आंदोलन झाले. वसतिगृहाच्या जेवणाच्या वाढलेल्या बिलावरून अहमदाबादच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात केली, आमच्या विद्यापीठातली मुलेही रस्त्यावर आली, आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. महागाईने घराघरांत चूल पेटणे अवघड झाले होते, म्हणून पोरांच्या मागे आयाबाया थाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. ते मी पाहिले आहे.

पुढे आणीबाणी आली. 1976 च्या मार्चपर्यंत गुजरातेत बाबुभाई जशभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार होते, म्हणून इतर राज्यांत ज्यांना लपायला जागा नव्हती त्यांना येथे थोडा श्वास घेता येत असे. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत असताना बडोद्याला आले ते याच कारणाने. सरकार पडले त्याच सुमारास धरपकड सुरू झाली. सुरुंगाच्या कांड्या मिळवून रूळ आणि पूल उडवण्याचा कट केल्याचा आरोप ठेवला गेला, आणि फर्नांडिसांसह पंचवीस जणांवर खटला भरला. त्यात बडोद्यातले किरीट भट्ट आणि विक्रम राव हे दोन पत्रकारही होते. 1977 मध्ये सरकार बदलले आणि खटला काढून घेण्यात आला. यात बरोबर काय, चूक काय, यावर आमच्या गेटवर तासन् तास वाद होत. माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे की सुरुंगापेक्षा कागदाची ताकद मोठी. आम्ही रात्री एका मित्राच्या माळ्यावर सायक्लोस्टाईल यंत्रावर पत्रके काढत असू. स्टेन्सिल फाटू नये म्हणून टोकदार लोखंडी लेखणी हलक्या हाताने चालवावी लागे, आणि सकाळी पाळीवर जाताना बोटांची शाई जात नसे म्हणून मी मुद्दाम ग्रीसमध्ये हात बुडवून घेत असे.

ज्या कारखान्यात मी पंचवीस वर्षे काढली तो नंतर बंद पडला. पगार थकले, फंडाचा हिशेब मिळेना. आम्ही गेटसमोर तंबू टाकून आळीपाळीने बसलो. कामगार न्यायालयाच्या तारखांना जाताना डब्यात चटणी-भाकरी नेत असू. ग्रॅच्युइटी मिळाली तोपर्यंत आमच्यातले कित्येक जण गेले होते आणि त्यांच्या बायकांनी अंगठे उठवून ती घेतली. वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी आल्या असतील. ताई, त्या मुलीला सांगा की लोकांनी हे केले: ते बसून राहिले, उठले नाहीत.

सयाजीगंजची रहिवासी

मकरपुऱ्याच्या काकांच्या लिखाणानंतर लिहिणे अवघड आहे, पण हा धागा 1977 मध्ये थांबू नये.

कारखान्यांनी पोट भरले आणि त्याच कारखान्यांनी पाणी नासवले. नंदेसरी आणि परिसरातील रसायन कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी सुमारे 56 किलोमीटर लांबीची एक नाली 1980 च्या दशकात सुरू झाली. ती जंबुसर तालुक्यातल्या सारोद गावापाशी महीच्या मुखाकडे रिकामी होते. शहराने आपली घाण डोळ्यांआड केली आणि ती नालीकाठच्या गावांच्या विहिरींत उतरली. महाविद्यालयात असताना मी एका गटाबरोबर तेथे नमुने घ्यायला गेले होते. एका शेतकऱ्याने विहिरीतून काढून दिलेले पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे तांबूस होते. बाटली मी घरी खिडकीत ठेवली होती, आणि आठवड्यात तिच्या तळाशी गाळाचा जाड थर बसला. पर्यावरण सुरक्षा समितीने याविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज, तपासण्या आणि जनसुनावण्या केल्या. तिच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 रोजी आदेश दिला की सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालू ठेवता येणार नाही. तो आदेश साऱ्या देशाला लागू आहे. शहरातल्या विश्वामित्री नदीच्या पात्रातील बांधकामाविरुद्ध हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेले लोकही याच वर्तुळातले.

नर्मदेचा प्रश्न या शहराला दुभंगून गेला. कामगार चळवळीतून आलेले समाजवादी नेते सनत मेहता सरदार सरोवर निगमाचे अध्यक्ष होते, आणि मेधा पाटकरांच्या नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यालयही याच शहरात होते. दोन्ही बाजूंची माणसे स्वतःला लोकांच्या बाजूची मानत होती. आमच्या घरात तर आई धरणाच्या बाजूची आणि मावशी विरोधातली, आणि दोघी एकाच पंगतीला बसत. मुलांना तयार उत्तर देण्याऐवजी हा पेच जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवावा.

आणखी दोन नावे. 'सहियर' ही स्त्री संघटना 1984 पासून येथे काम करते. हुंडाबळी आणि घरातली मारहाण यांवर पोळांच्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या, तोंडाशी पथनाट्ये करणाऱ्या त्या बायकांना सुरुवातीला लोक खिडक्या लावून घेत. दुसरे नाव 'भाषा' संस्थेचे. विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक गणेश देवी यांनी नोकरी सोडून आदिवासी भाषांचे काम सुरू केले, तेजगढला अकादमी उभी राहिली, आणि 1998 मध्ये महाश्वेता देवी व आपले लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी मंच स्थापन झाला. शंभर वर्षांपूर्वी बंगाल आणि महाराष्ट्र या गावात भेटले होते, तसे ते पुन्हा भेटले.

वाडीतील वाचक

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल रात्री वाचनालयाच्या बैठकीत हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. दोन ज्येष्ठ सभासदांनी 1939 चा विषय नको म्हटले, त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि अखेर तो ठेवायचा ठरला.

मार्ग असा ठरला आहे: सकाळी साडेसातला कमाटी बागेत संकल्पभूमी, तेथून दांडिया बाजारात अरविंद निवास आणि व्यायाममंदिर, आणि दुपारी बसने मकरपुरा. राजवाडा या वर्षी नाही. कीर्तिमंदिराच्या पायऱ्यांवर शेंगदाण्यांसाठी मात्र थांबणार आहोत, कारण प्रश्न तेथेच विचारला गेला होता. ती मुलगी आता दहावीत आहे आणि येणार आहे.

मकरपुऱ्याच्या काकांना एक विनंती आहे. आपला तंबू ज्या गेटसमोर होता ती जागा आपण स्वतः येऊन मुलांना दाखवाल का? आपली प्रकृती आणि सोय पाहून सांगावे. आणायला रिक्षा पाठवू. आणि एखादे जुने पत्रक जपून ठेवलेले असेल, तर तेही बरोबर आणावे.

मकरपुऱ्याचा फिटर

येईन. पत्रक एकच उरले आहे, घडीवर फाटले आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो. मुलांना हातात घेऊ द्या.